फ्लॅश, शटर आणि उजेडाचा हिशेब

शाळेचे वर्ष संपत आले की वर्गाचा सामुदायिक फोटो निघतो. मागे बाकांवर मोठी मुले उभी, मध्ये खुर्च्यांवर गुरुजी आणि बाई, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली धाकटी मुले. पुष्कळ घरांत मुलाचा त्या वर्षाचा नीट काढलेला फोटो तेवढाच असतो. आता समजा, बाहेर ऊन फार म्हणून हा फोटो सभागृहात फ्लॅश लावून काढला, आणि छापून हाती आला तेव्हा पुढच्या रांगेवर काळा पट्टा! कॅमेरा चांगला, फ्लॅश नवा, मग बिघडले कुठे? बिघडले ते फ्लॅश आणि शटर या दोघांच्या वेळेच्या हिशेबात. तो हिशेब आज समजून घेऊ. तो काही अवघड नाही, बरं का.

फोटो म्हणजे उजेडाने भरायची घागर, असे समजा. शटर हे तिचे झाकण. ते १/१२५ सेकंद उघडे राहिले, की तेवढाच वेळ उजेड आत येतो. खोलीतला दिवा किंवा खिडकीतला उजेड म्हणजे नळाची बारीक धार. झाकण जितका वेळ उघडे, तितके पाणी आत. फ्लॅशचे मात्र तसे नाही. त्याच्या आत कपॅसिटर नावाच्या साठवणीत वीज भरून ठेवलेली असते. ती झेनॉन वायूच्या काचनळीतून एकदम सुटते आणि लख्ख उजेड पडतो. ही झाली एका झटक्यात ओतलेली बादली. ती ओतली जाताना झाकण उघडे असले म्हणजे झाले. मग झाकण १/१२५ सेकंद उघडे ठेवा की १/६० सेकंद ठेवा, बादलीतले पाणी तेवढेच. वाढते ते फक्त धारेचे.

म्हणून फ्लॅशच्या फोटोत चेहरा फार उजळ आला तर शटर फिरवून उपयोग नाही. फ्लॅशची शक्ती कमी करा, भिंगाचे छिद्र लहान करा, नाहीतर फ्लॅश मागे न्या. उघडा फ्लॅश दुप्पट अंतरावर नेला की उजेड चौथाई होतो. मागची भिंत मात्र काळोखी वाटत असेल, तर शटर अधिक वेळ उघडे ठेवा. खोलीतल्या उजेडाची धार तेवढी वाढेल.

ही गोष्ट पुष्कळ जुनी आहे. १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टॅलबट यांनी वर्तमानपत्राचा कागद एका चाकावर चिकटवला आणि चाक वेगाने फिरवले. खोलीत अंधार केला, कॅमेऱ्याचे भिंग उघडेच ठेवले आणि विजेची एक ठिणगी पाडली. फिरत्या कागदावरची अक्षरे फोटोत वाचता आली! शटर चाललेच नव्हते; ठिणगी जेवढी टिकली तेवढाच फोटोचा क्षण. पुढे अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी हाच मार्ग पुढे नेला. दुधाचा थेंब पडून उडालेला मुकुट त्यांनी १९५७ साली टिपला, आणि सफरचंद भेदून जाणारी बंदुकीची गोळी १९६४ साली.

आता तो काळा पट्टा. बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात. पहिला सरकून वाट मोकळी करतो, दुसरा मागून येऊन ती बंद करतो. १/१२५ ला पहिला पडदा पुरता उघडतो, मग फ्लॅश पेटतो, मग दुसरा निघतो. १/५०० ला मात्र पहिला पोचायच्या आतच दुसरा निघालेला असतो. म्हणजे पूर्ण खिडकी कधीच उघडी नसते, नुसती एक फट सरकत जाते. फ्लॅश तेवढ्यात चमकून विझतो आणि पडद्याआडचा भाग अंधारात राहतो. आडव्या फोटोत हा पट्टा बहुधा खालच्या बाजूला येतो, आणि खालीच तर आपली धाकटी मुले बसलेली! ज्या वेगापर्यंत खिडकी पुरती उघडते, तो कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत दिलेला असतो. आजच्या कॅमेऱ्यांत तो बहुधा १/१६० ते १/२५० असतो. स्टुडिओत १/१२५ धरला, तर सहसा दगा होत नाही.

आणखी एक बारकावा. स्टुडिओतल्या मोठ्या फ्लॅशचा उजेड एकदम विझत नाही. त्याला शेपूट असते. पुस्तिकेत १/९०० सेकंद लिहिलेले असले, तर तो आकडा पुष्कळदा उजेड अर्ध्याच्या वर असतो तेवढ्याच वेळेचा असतो. शेपटीसह खरा काळ साधारण तिप्पट, म्हणजे सुमारे १/३०० सेकंद. काही फ्लॅश याहूनही सावकाश विझतात. अशा वेळी १/२५० ला खिडकी पुरती उघडली, तरी दुसरा पडदा शेपूट कापतो आणि फोटो, किंवा त्याची एक बाजू, किंचित काळवंडते. कारण सापडत नाही आणि माणूस बल्बला दोष देत बसतो!

शिक्षक बंधुभगिनींनो, याचा एक प्रयोग वर्गात करता येईल. सायकल उलटी ठेवा आणि टायरवर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी चिकटवा. चाकाचा घेर सुमारे २ मीटर. ते सेकंदाला दोन फेरे घेईल असे फिरवले, तर चिठ्ठी सेकंदाला ४ मीटर धावते. दिव्याच्या उजेडात १/१२५ ला फोटो काढा. चिठ्ठी ३ सेंटिमीटर फराटलेली दिसेल. आता खोलीत अंधार करा आणि कॅमेऱ्यावरचा लहान फ्लॅश अगदी कमी शक्तीवर लावा. त्याचा उजेड १/१०,००० सेकंद टिकला, तर तेवढ्यात चिठ्ठी अर्धा मिलिमीटरही सरकत नाही. फोटोत ती स्थिर! मग शटर १ सेकंद उघडे ठेवून पाहा. अंधार पुरता असेल तर चिठ्ठी तशीच स्पष्ट येईल. गुणाकार-भागाकार मुलांकडूनच करवून घ्या.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. शक्ती कमी केली की लहान फ्लॅशचा क्षण आखूड होतो. स्टुडिओतल्या काही फ्लॅशचा मात्र उलट थोडा लांबतो. तेव्हा लेझीम किंवा उडी टिपायची असेल, तर आधी या चाकावर परीक्षा घ्या. दुसरे म्हणजे, मोबाइलमधला पांढरा दिवा हा या जातीचा फ्लॅश नव्हे. तो क्षणभर तेवत राहतो, म्हणून त्याने धावती वस्तू अशी थांबत नाही.

आणि एक सक्त सूचना. बिघडलेला फ्लॅश कुतूहल म्हणून मुलांसमोर उघडू नका. वायर काढली तरी आतल्या साठवणीत वीज राहते, आणि तिचा धक्का जिवावर बेतू शकतो.

सारांश इतकाच: सभोवारचा उजेड शटरने मोजावा, फ्लॅशचा उजेड शक्ती, छिद्र आणि अंतर यांनी मोजावा, आणि फ्लॅशचा उजेड शेपटीसकट आत येईल इतका वेळ वाट पुरती मोकळी ठेवावी. महत्त्वाच्या फोटोआधी एक साधा फोटो काढून त्याच्या चारी कडा पाहून घ्या. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि सगळे बसलेले असतात तोवरच चूक दुरुस्त करता येते.