परित्राण कोणाचे आणि कशाने?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



‘बौद्ध परंपरेतील कर्म, रक्षा आणि ध्यान’ हा विषय आपल्या संमेलनात कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी कित्येकांच्या मनात आला असेल. पण हे तिन्ही शब्द आपल्या घरांत नित्य वावरणारे आहेत. घरात दीर्घ दुखणे आले की आपण ‘कर्मभोग’ म्हणतो. मूल दचकू लागले की त्याच्या मनगटात गंडा बांधतो. चित्त थाऱ्यावर नसले की कोणी वडीलधारे ‘ध्यानाला बसत जा’ असे सांगतात. या तिहींचा परस्परांशी संबंध काय, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. भगवान बुद्धांच्या परंपरेने तो फार बारकाईने केला आहे. त्या परंपरेचे म्हणणे आधी पाहू, आणि आपल्यासारख्या संस्थेने त्यातून काय घ्यावे ते शेवटी बोलू.

प्रथम कर्माचा विचार करू. अंगुत्तरनिकायात बुद्धांनी कर्म म्हणजे चेतना, अशी व्याख्या केली आहे. चेतना म्हणजे हेतुपूर्वक केलेला संकल्प. तो काया, वाचा आणि मन या तीन द्वारांनी प्रकट होतो. चालताना नकळत पायाखाली मुंगी सापडणे आणि जाणूनबुजून जीव घेणे, या दोन गोष्टी म्हणूनच एका मापाने मोजल्या जात नाहीत. कर्म हे आपल्या कपाळावर कोणी लिहून ठेवलेले नाही; ते या क्षणी आपल्या मनात घडते आहे. कर्माचा विचार पाहता पाहता प्रारब्धवादाकडे घसरतो, त्याला ही व्याख्या पहिला अटकाव करते.

दुसरा अटकाव संयुत्तनिकायातील एका संवादात आहे. सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारले, माणसाला जे जे सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे कित्येक श्रमण-ब्राह्मण सांगतात. आपले मत काय? बुद्धांनी आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, या तिहींचा संनिपात, ऋतूंचा पालट, विषम राहणी, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक. आठांतील सात कारणे वैद्याला, घरच्या माणसांना किंवा शेजाऱ्याला हात घालता येण्यासारखी आहेत. कर्माचे फळ हे आठवे. सर्वच पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःच्या प्रत्यक्ष अनुभवापलीकडे आणि जगात सत्य मानल्या गेलेल्या गोष्टींपलीकडे धावतात, असे बुद्धांनी तेथे स्पष्ट बजावले आहे.

पूर्वजन्मीच्या कर्मांच्या फळांचे विवेचन पाली ग्रंथांत नाही, असे माझे म्हणणे नाही. ते पुष्कळ ठिकाणी आहे. परंतु समोरच्या माणसाच्या दुःखाकडे बोट दाखवून ‘हे तुझेच पाप’ असे म्हणण्याचा अधिकार त्या विवेचनाने कोणास दिलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महानिर्वाणानंतर १९५७ साली मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. दरिद्री आणि दलित माणसाच्या स्थितीची जबाबदारी समाजावर व राज्यावर येऊ नये, यासाठीच पूर्वकर्माच्या सिद्धांताचा उपयोग होतो, असा सडेतोड आक्षेप त्यांनी त्यात घेतला आहे. तो आक्षेप कोणा परक्याला उद्देशून आहे असे समजून आपण स्वस्थ बसणे योग्य नव्हे. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या सर्वच ज्ञातींना तो लागू आहे आणि त्या ज्ञातींत आपणही आहोत.

आता रक्षेकडे वळू. पाली भाषेत रक्षणासाठी म्हणावयाच्या सूत्रपाठाला ‘परित्त’ म्हणतात. आपल्या ‘परित्राण’ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. श्रीलंकेत यालाच ‘पिरित’ म्हणतात. नवी वास्तू, बाळंतपण, आजारपण, मृत्यू अशा प्रसंगी तेथील गृहस्थ भिक्षूंना निमंत्रण देतात. मंडप सजवितात, मध्ये पाण्याचे पात्र ठेवतात. एक लांब दोरा भिक्षूंच्या हातांतून त्या पात्राशी आणि श्रोत्यांशी जोडला जातो. कधी तासभर, कधी रात्रभर पाठ चालतो. शेवटी ते पाणी शिंपडतात आणि तो दोरा तोडून प्रत्येकाच्या मनगटात बांधतात. मंगलसुत्त, रतनसुत्त आणि मेत्तसुत्त ही तीन सूत्रे या पाठात प्रमुख होत. वैशाली नगरीत दुष्काळ, रोगराई आणि भय यांनी थैमान घातले असता आनंदाने रतनसुत्ताचा पाठ करीत बुद्धांच्या भिक्षापात्रातील पाणी नगरभर शिंपडले, अशी कथा अट्ठकथेत आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, मग आमच्या गंड्यादोऱ्यात आणि त्यांच्या दोऱ्यात अंतर ते काय? दोरा तर दोराच. अंतर पाहावयाचे ते पाठात काय म्हटले जाते त्यात. मंगलसुत्त हे खरे तर गृहस्थाच्या कर्तव्यांची यादी आहे. मातापित्यांची सेवा, पत्नी व मुलांचा सांभाळ, निर्दोष उद्योग, दान, आप्तांना साहाय्य, संयम आणि कृतज्ञता, यांनाच त्यात मंगल म्हटले आहे. सर्पभयावरील परित्ताची कथाही अशीच. एक भिक्षू सर्पदंशाने मरण पावला, तेव्हा त्याने सर्पांच्या चार कुळांविषयी मैत्री चित्तात धरली नव्हती, असे बुद्ध म्हणाले. आणि सर्पांनाच उद्देशून मैत्रीचे शब्द त्यांनी भिक्षूंना शिकविले. ज्याचे भय वाटते त्याच्यासंबंधीचा द्वेष आधी आपल्या मनातून काढणे, ही त्या रक्षेची पहिली पायरी होय.

परंतु खरी शंका पुढेच आहे. कर्माचे फळ चुकत नाही, तर परित्त म्हणून उपयोग काय? आणि परित्ताने रक्षण होते, तर कर्माचा नियम कोठे राहिला? ही शंका नवी नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात यवन राजा मिलिंद म्हणजे मिनांदर याने भदंत नागसेनांना नेमके हेच विचारले आहे. मृत्यूपासून लपण्यास आकाशात, समुद्रात वा गिरिकंदरात जागा नाही असेही बुद्धांनी सांगितले आणि परित्तेही सांगितली. मग यांतले खरे कोणते? नागसेनांचे उत्तर असे की, ज्याचे आयुष्य उरले आहे त्यालाच परित्ताचा उपयोग होतो. वाळून गेलेल्या झाडाला हजार घागरी पाणी घातले तरी त्याला पालवी फुटत नाही. शिवाय तीन अडथळे असताना परित्त निष्फळ होते. पूर्वीच्या कर्माचा अडथळा हा एक, मनातील क्लेशांचा अडथळा हा दुसरा आणि अश्रद्धा हा तिसरा. यांतील शेवटचे दोन दूर करणे आपल्या हाती आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अंगुलिमालाचे. मज्झिमनिकायात त्याची कथा आली आहे. अनेकांचा वध करून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा हा दरोडेखोर बुद्धांच्या उपदेशाने भिक्षू झाला. श्रावस्तीत भिक्षेसाठी फिरताना त्याला प्रसूतिवेदनांनी तळमळणारी एक स्त्री दिसली. तो कळवळला आणि परत येऊन त्याने ती हकीकत बुद्धांना सांगितली. बुद्ध म्हणाले, तिच्यापाशी जाऊन सांग की जन्मापासून मी जाणूनबुजून कोणाचा प्राण घेतलेला नाही. या सत्याने तुझे व तुझ्या बाळाचे कल्याण होवो. अंगुलिमाल म्हणाला, भगवन्, हे तर जाणूनबुजून असत्य बोलणे होईल. मग बुद्धांनी शब्द बदलून दिले: आर्यजन्म झाल्यापासून, म्हणजे धम्मात प्रवेश केल्यापासून. ते शब्द त्याने उच्चारले आणि ती स्त्री सुखरूप प्रसूत झाली. गर्भवती स्त्रीसाठी हे अंगुलिमाल परित्त श्रीलंकेत आजही म्हटले जाते.

या कथेतील एक बारकावा नजरेआड होऊ देऊ नये. शब्द खोटे असते तर रक्षा झाली नसती. तिचे बळ सत्यातून आले. आणि कथा येथे संपत नाही. पुढे अर्हत झालेला अंगुलिमाल नगरात गेला असता कोणी भिरकावलेले ढेकूळ, कोणी फेकलेली काठी, कोणी मारलेला दगड त्याला लागला. फुटलेले डोके, मोडलेले पात्र आणि फाटलेली संघाटी घेऊन तो परतला, तेव्हा बुद्धांनी त्याला काय दिले? मंत्र दिला नाही की दोरा दिला नाही. सोस, असे सांगितले; कर्माचे जे फळ तू दीर्घकाळ भोगला असतास, ते येथेच भोगतो आहेस. दुसऱ्याच्या घरी रक्षा घेऊन जाणारा हा पुरुष स्वतःवर येणारे दगड चुकवू शकला नाही. पण दगड मारणाऱ्यांविषयी त्याच्या मनात द्वेष उरला नव्हता. बौद्ध अर्थाने त्याचे रक्षण झाले ते हेच.

येथून आपण ध्यानाकडे येतो. चित्त घडविणे याला पाली ग्रंथांत ‘भावना’ म्हणतात. कर्माशी तिचा संबंध दाखविणारा एक सुंदर दृष्टांत अंगुत्तरनिकायात आहे. मिठाचा खडा पेलाभर पाण्यात टाकला तर ते पाणी पिण्यालायक राहत नाही. तोच खडा गंगेत टाकला तर गंगा खारट होत नाही. तद्वत् एकच लहानसे दुष्कर्म संकुचित मनाच्या माणसाला दुर्गतीला नेते आणि विशाल मनाच्या माणसाला क्षणभर जाणवून सरते. खडा परत काढता येत नाही, पण पाणी वाढविता येते. पाणी वाढविण्याचा हा उद्योग म्हणजेच ध्यान.

तो कसा करावयाचा याचे शास्त्र पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी अनुराधपूरच्या महाविहारात ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात मांडले. ध्यानाचे चाळीस विषय त्यांनी सांगितले आहेत. गोमंतकात १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी सिंहलद्वीपात जाऊन पालीचे अध्ययन केले आणि हा ग्रंथ देवनागरीत संपादित केला, ही आपणा मराठी भाषकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. त्याच ध्यानमार्गाची ब्रह्मदेशात जतन झालेली एक परंपरा सत्यनारायण गोएंका यांनी पुन्हा भारतात आणली आणि इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून तिची शिबिरे भरू लागली. दहा दिवस मौन. प्रथम नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण, पुढे शरीरावरील संवेदनांचे समतेने अवलोकन, आणि शेवटी मैत्री. श्वासाकडे पाहणे दिसावयास सोपे. पण क्रोध आला की श्वास कसा बदलतो हे ज्याने एकदा पाहिले, त्याला संकल्प आणि कृती यांच्यामध्ये क्षणभराची फट सापडते. कर्म जर संकल्प असेल, तर ते बदलण्याची जागा तीच.

मैत्रीभावनेचा क्रम बुद्धघोषांनी दिला आहे. आधी स्वतः, मग प्रिय व आदरणीय व्यक्ती, मग तटस्थ आणि शेवटी वैरी. मन पुरते तयार झाले की नाही, याची कसोटीही त्यांनी दिली आहे. हे चौघे एकत्र बसले असता दरोडेखोर येऊन म्हणाले, बळी देण्यासाठी एकजण आमच्या हवाली कर. तर साधकाने काय करावे? ‘या वैऱ्याला न्या’ असे मनात आले तर मैत्री अपुरी. ‘मलाच न्या’ असे आले तरीही अपुरी! चौघांपैकी देण्यासारखा कोणीच दिसत नाही, तेव्हा ती पूर्ण. या अवस्थेला त्यांनी ‘सीमासंभेद’ असे नाव दिले आहे, म्हणजे सीमा मोडणे.

ज्ञातिबंधूंनो, आपली संस्था हीदेखील एक सीमाच आहे. आपल्यांतील विद्यार्थ्यांना, रुग्णांना, निराधार भगिनींना आधार मिळावा म्हणून ती आखलेली आहे, आणि त्या हेतूचे मोल मी कमी लेखीत नाही. संघटित साहाय्याची परंपरा आपल्या भूमीत जुनी आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवि म्हणजे कायम निधी ठेवला. त्यांतील २००० वर दरमहा शेकडा १ प्रमाणे वर्षाकाठी येणाऱ्या २४० कार्षापणांतून वीस भिक्षूंना वर्षावासात वस्त्रासाठी प्रत्येकी १२ मिळावेत, अशी ती व्यवस्था होती. हा निधी सांभाळणारे विणकर होते आणि त्याचा लाभ चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षुसंघाला होता. श्रेणीची सीमा होती, पण तिच्या निधीचे दार सीमेबाहेर उघडत होते. आपल्याही निधीचे एखादे दार असे उघडता येईल काय, याचा विचार कार्यकारी मंडळाने अवश्य करावा.

आणखी एक विनंती आहे. साहाय्याचा अर्ज आपल्यापुढे आला की अर्जदाराच्या प्रारब्धाची चर्चा आपण करू नये. सीवकाला सांगितलेली आठ कारणे आठवावी आणि पहिल्या सातांपैकी आपल्या हाती काय आहे ते पाहावे. मुलाच्या हातात दोरा बांधावयाचा असेल तर खुशाल बांधावा. पण बांधताना आपण स्वतः एखादे सत्य वचन उच्चारावे आणि ते पाळावे.

शेवटी एक दृष्टांत सांगून रजा घेतो. बांबूवर कसरत करणारा एक गुरू शिष्याला म्हणाला, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणाला, नाही गुरुजी. आपण आपला तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, म्हणजे आपण दोघेही सुखरूप उतरू. बुद्धांनी शिष्याचे म्हणणे उचित ठरविले आणि त्यात भर घातली. साधनेने स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो. आणि क्षमा, अहिंसा, मैत्री व कणव यांनी दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःलाच सांभाळतो. परित्राण कोणाचे आणि कशाने, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही.