दुमजली बस : आठवण आणि उत्तरदायित्व



15 सप्टेंबर 2023 रोजी मुंबईच्या अंधेरी पूर्व भागात आगरकर चौक ते सीप्झ या 415 क्रमांकाच्या मार्गावर एक जुनी लाल बस फुलांनी आणि फुग्यांनी सजून उभी होती. 'बेस्ट' उपक्रमाच्या नित्य सेवेतील डिझेलवर चालणाऱ्या दुमजली बसची ती अखेरची फेरी होती. एखाद्या ज्येष्ठ कर्मचाऱ्याला निरोप द्यावा त्या भावनेने लोक जमले होते. त्यानंतर 5 ऑक्टोबर 2023 रोजी पर्यटकांसाठी चालणाऱ्या उघड्या छताच्या दुमजली गाड्याही थांबल्या. लोखंड, पत्रा आणि काच यांनी बनलेल्या एका वाहनासाठी माणसांचे डोळे का पाणावले असतील? या प्रश्नाचा विचार करणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

मुंबईच्या रस्त्यावरील सार्वजनिक वाहतुकीचा आरंभ 1874 मध्ये घोड्यांच्या ट्रामने झाला. 1907 मध्ये विजेची ट्राम आली आणि वाढती गर्दी सामावून घेण्यासाठी 1920 मध्ये ट्रामवर दुसरा मजला चढला. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर शहराची पहिली मोटार बस धावली. दुमजली बस 1937 मध्ये आली. 7 ऑगस्ट 1947 रोजी हा सारा व्यवसाय खाजगी कंपनीकडून महानगरपालिकेच्या स्वाधीन झाला. 31 मार्च 1964 रोजी ट्राम कायमची थांबली. तथापि दुमजली बस पुढे जवळजवळ साठ वर्षे मुंबईकरांची सेवा करीत राहिली.

या गाडीची रचना साधी, परंतु विचारपूर्वक केलेली होती. मागच्या बाजूस चढण्याउतरण्याची जागा, तेथूनच वर जाणारा अरुंद वळणाचा जिना, खाली एक वाहक आणि वर दुसरा. घंटा दोनदा वाजली की गाडी निघावयाची, एकदा वाजली की थांबावयाची. वरच्या मजल्यावर उभे राहून प्रवास करण्यास मनाई असे. त्यामागे यंत्रशास्त्राचे कारण होते. इंजिन, सांगाडा आणि चाके यांचा भार तळाशी ठेवून वरचा भाग हलका राखला, तरच सुमारे साडेचार मीटर उंचीची गाडी वळणावर तोल सांभाळू शकते. लंडनमध्ये अशी बस रस्त्यावर आणण्यापूर्वी वरच्या मजल्यावर प्रवाशांइतके वजन ठेवून ती 28 अंशांपर्यंत कलवून पाहण्याची प्रथा होती. प्रवाशाला जी केवळ मौज वाटे, तिच्या पाठीशी अशी कसोशीची गणिते उभी होती.

आणि मौज तरी कोणती? वरच्या मजल्यावरील अगदी पुढची जागा! शाळकरी मुले त्या जागेसाठी जिन्यावरून धावत. समोरच्या रुंद काचेतून रस्ता आपल्याच पायाखालून सरकतो आहे असा भास होई. खिडकीतून समुद्राचा वारा येई. एखाद्या झाडाची फांदी टपावर खसखसून जाई. चाळींच्या पहिल्या मजल्यावरील गॅलऱ्या, तेथे वाळणारे कपडे, दुकानांच्या पाट्या आणि जुन्या इमारतींवरील नक्षी डोळ्यांच्या पातळीवर येई. मरीन ड्राइव्हवरून धावणाऱ्या 123 क्रमांकाच्या मार्गावर तर एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला शहर, असा देखावा साध्या तिकिटात लाभत असे. शाळेच्या सहलीतून किंवा नातलगांकडे मुंबईला आलेल्या खेड्यातील मुलाने गावी परतल्यावर प्रथम सांगावयाची गोष्ट म्हणजे 'डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बसलो' हीच असे.

या आठवणीचे मर्म येथेच आहे. ती पुढची जागा कोणासाठी राखीव नव्हती. तिला वेगळे भाडे नव्हते. कचेरीतला अधिकारी, गिरणीतला कामगार, बाजाराला निघालेली गृहिणी आणि दप्तर सावरणारा विद्यार्थी यांपैकी जो आधी वर पोहोचेल त्याची ती जागा. शहराचे उत्तमात उत्तम दर्शन सर्वांना सारख्या दराने मिळावे, ही समतेची एक छोटी पण रोजची शिकवण होती. लोकांना हुरहूर वाटते ती केवळ वाहनाबद्दल नव्हे. सर्वांच्या मालकीची एखादी सुंदर गोष्ट हातून निसटली, याबद्दलही वाटते.

परंतु आठवणींत रमताना वस्तुस्थिती विसरून चालत नाही. या गाड्या कोणी आकसाने बंद केल्या नाहीत. एका गाडीला एक चालक आणि दोन वाहक लागत; त्यामुळे प्रत्येक फेरीचा खर्च वाढे. इंधन अधिक लागे. वाढत्या वाहतुकीत या उंच व अवजड गाड्या वळविणे कठीण जाई. लोंबत्या तारा आणि झाडांच्या फांद्या यांची अडचण निराळीच. 1990 च्या सुमारास सुमारे नऊशे असलेल्या या गाड्यांची संख्या क्रमाक्रमाने घटत गेली. नव्या डिझेल गाड्यांची भर थांबली आणि उरलेल्या गाड्या पंधरा वर्षांचे आयुर्मान पूर्ण होताच सेवेतून निघाल्या. जिना चढू न शकणारे वृद्ध, गर्दीत उघड्या पायरीवर लोंबकळणारे प्रवासी आणि धुराने गुदमरणारे रस्ते यांचाही विसर पडू नये. स्मरण जितके प्रामाणिक, तितकेच ते उपयुक्त.

शिवाय दुमजली बसची कल्पना संपलेली नाही. 21 फेब्रुवारी 2023 पासून मुंबईत विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस धावू लागली. तिला दोन दरवाजे आहेत, दोन जिने आहेत आणि धूर नाही. बंद काचांमुळे तो जुना वारा आत येत नाही हे खरे. पण रस्त्याची तेवढीच जागा व्यापून अधिक माणसांना नेण्याचे मूळ सूत्र तेच आहे. गर्दीच्या शहरात या सूत्राचे मोल कमी न होता वाढलेच आहे.

मग प्रश्न उरतो तो जुन्या गाड्यांचा. लंडनमध्ये 'रूटमास्टर' जातीची प्रसिद्ध बस डिसेंबर 2005 मध्ये नित्य सेवेतून निघाली. परंतु अनेक गाड्या संग्रहालयांनी, संस्थांनी आणि हौशी नागरिकांनी चालू स्थितीत जपल्या. मुंबईतही अखेरच्या दिवसांत निदान दोन गाड्या जतन कराव्यात, अशी मागणी बसप्रेमी नागरिकांनी केली. आणिक आगारात 'बेस्ट'चे संग्रहालय आहे. अशा वस्तूंचे योग्य स्थान तेथेच असते. कारण छायाचित्रात जिन्याचे वळण दिसते, पण त्यावर पाऊल ठेवल्याचा अनुभव छायाचित्र देऊ शकत नाही.

ही गोष्ट एकट्या मुंबईची नाही. प्रत्येक कार्यालयात, शाळेत आणि ग्रामपंचायतीत जडवस्तू नोंदवही असते. वस्तू निकामी झाली की तिचे रीतसर निर्लेखन होते, लिलाव होतो आणि नोंदीवर तांबडी रेघ ओढली जाते. नियमांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु निर्लेखनाचा प्रस्ताव आणि लिलावाचा दिवस यांमध्ये थोडा अवधी असतो. शाळेची पितळी घंटा, पंचायतीचा पहिला रेडिओ, विहिरीवरची मोट, धान्य मोजण्याची जुनी मापे यांपैकी गावाची आठवण सांगणारी एखादी वस्तू ठेवावी काय, हा प्रश्न त्या अवधीतच विचारावयास हवा. भंगारात गेलेली वस्तू कोणत्याही ठरावाने परत येत नाही. सर्वच वस्तू ठेवता येणार नाहीत, ठेवूही नयेत. पण निवड विचारपूर्वक झाली पाहिजे.

शिक्षकांना यात विशेष काम आहे. निवृत्त चालक, वाहक, पोस्टमन, पाटकरी ही माणसे म्हणजे चालतेबोलते दप्तर आहे. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावे, त्यांच्या कामाची पद्धत विचारावी आणि ती वहीत तारखेसह उतरवून ठेवावी. त्यासाठी अनुदान लागत नाही. थोडी आस्था लागते.

अखेरची लाल डबलडेकर गेली. तिच्या वरच्या मजल्यावर बसलेली पिढीही एक दिवस जाईल. त्या पिढीच्या आठवणी केवळ हळहळ म्हणून विरून जाव्यात, की सर्वांसाठी समान, स्वस्त आणि सुखकर प्रवासाचा आग्रह म्हणून पुढे चालाव्यात, हे ठरविणे मात्र आजच्या पिढीच्या हाती आहे. पुढची जागा सर्वांसाठी मोकळी ठेवणे हीच त्या जुन्या गाडीला खरी मानवंदना ठरेल.