पुराचे गणित आणि आपली मुले

(कोल्हापूर येथील सभेतील भाषण)



मी वकील आहे, इंजिनिअर नव्हे. तरीही आज इंजिनिअरिंगच्या एका विषयावर बोलावयास उभा आहे, कारण त्याचा आपल्या वस्त्यांशी फार जवळचा संबंध आहे. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 55 फुटांवर गेली, जुलै 2021 मध्ये 56 फुटांवर. धोक्याची पातळी 43 फुटांची आहे. शिरोलीजवळ हमरस्ता पाण्याखाली गेला. चोहीकडे पाणीच पाणी, आणि शहराचे नळ मात्र कोरडे. कारण नदीकाठची उपसा केंद्रेच बुडाली होती.

रस्ता, वीज, पूल, नळ ही एकमेकांत अशी गुंतलेली असतात. एक बुडाले की दुसरे बंद पडते. हे आधी कळावे म्हणून त्यांची गणिती प्रतिमाने करतात. नदीचा उतार, पुलाची उंची, घरांची जोती हे सर्व आकड्यांत बसवून संगणकात पाऊस पाडावयाचा आणि कोणती वस्ती केव्हा बुडते ते पाहावयाचे. विलायतेत ऑक्सफर्ड, न्यूकॅसल आदी विद्यापीठे 2011 पासून एकत्र येऊन हेच काम करीत आहेत. आपल्याकडे अलमट्टी धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 साली मुभा दिली, तो वाद तुम्ही जाणताच. अशा वादात वकिलाचे वक्तृत्व फार काळ टिकत नाही, गणित टिकते.

परंतु प्रतिमानात जे घातले नाही, ते त्यातून बाहेर येत नाही. नुकसान केवळ रुपयांत मोजले, तर आपल्या पत्र्याच्या घराची किंमत एखाद्या बंगल्याच्या कुंपणाइतकीही भरत नाही. मग संरक्षक भिंत कोठे बांधावी, याचे उत्तर आधीच ठरून जाते. गणित खोटे नसते. प्रश्न कोणी विचारला, हे महत्त्वाचे असते. तो प्रश्न विचारणारा आपल्यातला का नसावा?

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी झाली. नदीचा प्रश्न त्यांनी परका मानला नाही. आणि त्यांच्या विद्येच्या मुळाशी काय होते? 1913 साली बडोद्याने दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती! पुढे विलायतेतील शिक्षणासाठी आपल्या शाहू महाराजांनीही हातभार लावला.

आज वाटा अधिक आहेत. ‘गेट’ परीक्षा देऊन एम. टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा 12,400 रुपये मिळतात. मुंबई, रुरकी येथील आय. आय. टी.त पाण्याचा व बांधकामाचा उत्तम अभ्यास होतो. पीएच. डी.साठी पुण्याच्या ‘बार्टी’ची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकारची शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या 75 मुलामुलींना.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. एक हुशार तरुण मजकडे आला. प्रवेश मिळाला होता, वैधता प्रमाणपत्र नव्हते. वडिलांच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ लिहिलेले. एका कचेरीतील कारकुनाने त्याला सांगितले, “धर्म बदलला, सवलत गेली.” तो बिचारा खरे मानून घरी बसला, आणि अर्जाची मुदत टळली.

हे साफ चूक आहे. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशात बौद्ध नव्हते, हे खरे. परंतु 1990 च्या दुरुस्तीने त्यात बौद्धांचा समावेश झाला. महाराष्ट्राने आपल्या सवलती त्यापूर्वीच दिल्या होत्या. धर्म बौद्ध लिहा, अभिमानाने लिहा. मात्र पूर्वीची जात सिद्ध करणारा जुना कागद फाडून टाकू नका. तो गुलामीचा दाखला नव्हे, कोर्टात दाखवावयाचा पुरावा आहे. 10 ऑगस्ट 1950 पूर्वी घराणे महाराष्ट्रात राहत होते, हे दाखवणारा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा जन्ममृत्यूचा उतारा शोधा. वैधता समितीकडचे काम महिनोन्महिने चालते. मुलगी बारावीत असतानाच ते सुरू करा. मुलगी मुद्दाम म्हणतो, कारण मजकडे कागद घेऊन येतात ते बहुधा मुलांचेच.

पुरात ज्यांचे दाखले भिजून गेले, त्यांनी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागावा. अर्ज कसा लिहावा, ते मी सभा संपल्यावर येथेच बसून सांगेन.