नकाशातील रंग आणि पायाखालची माती
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



२६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊचा सुमार. गुजरातेतील अनेक शाळांत ध्वजवंदन चालू होते वा नुकतेच आटोपले होते. त्याच वेळी कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. भुज, भचाऊ, अंजार, रापर ही गावे उद्ध्वस्त झाली. कच्छ हा प्रदेश देशाच्या भूकंप-नकाशात सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या क्षेत्रात आधीपासूनच होता. अधिक विचार करायला लावणारी घटना घडली ती तेथून २०० किलोमीटरहून दूर, मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रातील अहमदाबादेत. तेथे अनेक बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे दगावली. बहुसंख्य इमारती मात्र उभ्या राहिल्या. नकाशात अवघ्या शहराचा रंग एकच असताना हा भेद का पडला?

भूकंपाच्या धोक्याचे मूल्यमापन दोन पायऱ्यांनी करावे लागते. पहिली पायरी प्रादेशिक. भूकवचातील भ्रंश कोठे आहेत, पूर्वीचे भूकंप किती मोठे होते, अंतरागणिक हादरा किती क्षीण होतो, याचा तीत विचार होतो. येथे इतिहासही साक्षीला येतो. १६ जून १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीचा लांबच लांब बांध वर उचलला गेला. तोच 'अल्लाह बंद'. त्याच भूकंपात अहमदाबादच्या जामा मशिदीचे मिनार कोसळले. कच्छचा हादरा अहमदाबादपर्यंत पोहोचतो, याची साक्ष अशी १८२ वर्षे उपलब्ध होती.

प्रादेशिक नकाशा मात्र तत्कालीन ज्ञानाइतकाच खरा असतो. किल्लारी परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला गेला होता. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच हजारो जीव गेले. पुढे २००२ च्या सुधारणेत ते पहिले क्षेत्रच रद्द झाले. गुजरातेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना किल्लारी आणि भुज ही दोन्ही दुःखे घरचीच आहेत.

दुसरी पायरी स्थानिक. अहमदाबाद साबरमतीच्या जाड गाळावर वसले आहे. कठीण खडकाच्या तुलनेत मऊ गाळात कंपने वाढतात. दूरवरून येणाऱ्या लाटांत संथ कंपनांचे प्रमाण अधिक असते आणि उंच इमारतीही संथच डोलतात. दोहोंची लय जुळली की डोलणे वाढत जाते. त्यात तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेला, म्हणजे भिंतींचा आधार नसलेला, असेल तर सारा ताण तेथील खांबांवर येतो. म्हणून शहरात ठिकठिकाणी विंधन करून मातीचे थर, भूजलाची पातळी आणि वरच्या ३० मीटरांतील कंपनलहरींचा वेग तपासतात. पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्याने द्रवासारखी होईल काय, हेही पाहतात. यालाच सूक्ष्मक्षेत्रांकन म्हणतात. १९९७ च्या भूकंपानंतर जबलपूरमध्ये असे काम झाले.

प्रादेशिक अभ्यास हादरा किती येऊ शकेल ते सांगतो. तो एखाद्या अंगणात कसा जाणवेल, ते स्थानिक अभ्यास सांगतो. पहिला शासनाच्या व शास्त्रज्ञांच्या हाती आहे. दुसऱ्यात मात्र नागरिकांनाही वाटा उचलता येतो. सदनिका घेताना दिशा आणि मुहूर्त आवर्जून पाहिले जातात. तसाच मातीच्या परीक्षणाचा अहवाल व संरचना अभियंत्याचा दाखला मागितला गेला पाहिजे.

भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक प्रथम १९६२ साली आले आणि पुढे अनेकदा सुधारले गेले. साठ वर्षांपूर्वीच्या वास्तू त्या काळच्या ज्ञानावर उभ्या आहेत. हीरक महोत्सवाला वास्तूची रंगरंगोटी शोभून दिसते. परंतु ज्या छताखाली शेकडो मुले रोज निर्धास्त बसतात, त्याच्या खांबांची आणि पायाखालच्या मातीची तपासणी हीच माजी विद्यार्थ्यांची खरी गुरुदक्षिणा ठरेल.