कौतुकाच्या पुढची वाक्यं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आत्ताच आपण शाल-श्रीफळ देऊन ज्यांचा सत्कार केला, त्यांच्याबद्दल ‘चार शब्द’ बोल, असं मला संयोजकांनी सांगितलं. चार शब्द सोपे आहेत. शूर, पराक्रमी, त्यागी, देशभक्त, झाले चार. टाळ्याही पडतील. पण सैन्याचं कौतुक करणं म्हणजे नेमकं काय करणं, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला आहे. त्यासाठी मी तुम्हाला एका निवेदनाकडे घेऊन जाते.

तारीख १६ डिसेंबर १९७१. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटलं. दोन आठवडे पुरे व्हायच्या आत ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर जनरल नियाझींनी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर शरणागतीच्या कागदावर सही केली. सुमारे ९३,००० जण आपल्या ताब्यात आले. त्याच संध्याकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी लोकसभेत उभ्या राहिल्या. अशा वेळी तासभर बोललं असतं तरी कोणी घड्याळाकडे पाहिलं नसतं. पण ते निवेदन वाचायला दोन-तीन मिनिटं पुरतात.

त्यातला क्रम बघा. ढाका आता एका स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी आहे, हे आधी सांगितलं. मग अभिनंदन बांगलादेशाच्या जनतेचं. मग मुक्तिवाहिनीच्या तरुणांचं आणि पोरसवदा मुलांचं. त्यानंतर आपली सेना. भूदल, नौदल, हवाई दल आणि सीमा सुरक्षा दल, अशी चारही नावं घेऊन त्यांचा अभिमान वाटतो असं सांगितलं. सीमा सुरक्षा दल तेव्हा जेमतेम सहा वर्षांचं होतं, १ डिसेंबर १९६५ ला उभं राहिलेलं. ते संरक्षण खात्याचं नव्हे, गृहखात्याचं. ते नाव गाळलं असतं तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण त्या दलातल्या जवानाच्या घरी ते नक्की लक्षात आलं असतं. ज्यांनी कुठल्याही कामात हाताखाली माणसं घेतली आहेत, त्यांना हे कळेल. ‘सगळ्यांनी छान काम केलं’ या वाक्याने कोणाचंच पोट भरत नाही. रात्रभर जागून ज्याने बिघाड शोधला, त्याचं नाव घ्यावं लागतं.

मग धारातीर्थी पडलेल्यांची आठवण आणि त्यांच्या कुटुंबीयांविषयी दोन शब्द. आणि लगेच पुढे, मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते: युद्धकैद्यांना जिनिव्हा करारानुसारच वागवावं आणि बांगलादेशातल्या सर्व लोकांशी माणुसकीने वागावं, अशी सैन्याला सक्त ताकीद आहे. सूडाचे प्रकार होऊ देऊ नयेत, ही जबाबदारी आपलीही आहे. आणि गरजेपेक्षा एक दिवसही जास्त आपलं सैन्य तिथे राहणार नाही.

अभिमान आणि ताकीद, एका दमात. जो नेता सैन्याला फक्त ‘तुम्ही महान’ म्हणतो, तो सैन्याला देव्हाऱ्यात बसवतो. जो ‘तुम्ही महान, आणि म्हणून तुमच्याकडून ही अपेक्षा’ म्हणतो, तो त्याला माणूस आणि व्यावसायिक म्हणून मान देतो. नऊ महिने तिथल्या जनतेवर झालेले अत्याचार पाहिल्यानंतर, हाती शस्त्र आणि समोर निःशस्त्र शत्रू असताना हात आवरणं सोपं नसतं. ते करायला शिस्त लागते. मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य मायदेशी परतलं. कैदीही पुढच्या दोन वर्षांत सुखरूप परत पाठवले गेले. म्हणजे ती वाक्यं नुसती बोलायची नव्हती.

आपल्या मातीचाही त्यात वाटा होता. जमालपूरच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, आपली ‘जंगी पलटण’, पुढे होती. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ छत्रीने उतरलेली दुसरी पॅरा बटालियन हीसुद्धा मुळात मराठा पलटणच.

आता त्याच दिवसाची दुसरी बाजू. लोकसभेत बाकं वाजत होती, तेव्हा पश्चिम आघाडीवर लढाई थांबलेली नव्हती. तिथे युद्धबंदी दुसऱ्या दिवशी रात्री ८ वाजता झाली. १६ डिसेंबरलाच शकरगढ भागात बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या रणगाड्यात धारातीर्थी पडले. वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ढाका जिंकल्याचा आनंद देशाला झाला त्याच दिवशी एका आईचा मुलगा गेला. कौतुक ऐकायला तो उरला नव्हता. म्हणून ‘कृतज्ञतेने स्मरण ठेवू’ हे वाक्य खरं तर मागे राहिलेल्यांना दिलेला शब्द असतो.

आणि शब्दाचा हिशेब नंतर होतो. त्या युद्धानंतर न परतलेले, ‘मिसिंग ५४’ म्हणून ओळखले जाणारे जवान आणि अधिकारी यांची कुटुंबं दशकानुदशकं वाट पाहत राहिली. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी छातीवर पदकं लावलेल्या वृद्ध सैनिकांना २०१५ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. यात मी एका पक्षाला दोष देत नाही. टाळ्या वाजवणाऱ्या हातांमध्ये आपलेही हात होते.

सीमेवर काही घडलं की आपल्या बॅचच्या ग्रुपवर तिरंग्यांचा पाऊस पडतो. पडू दे. पण त्याच्या पुढचं वाक्य काय, एवढंच मला विचारायचं आहे. शाळेत असताना ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा छोटा झेंडा घेऊन आपण डब्यात नाणं टाकायचो. ते नाणं म्हणजेच पुढचं वाक्य होतं.

आज ते नाणं वेगळं आहे. माजी सैनिकांचं निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर आलं आहे. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो घरबसल्या देता येतो, हे खरं. पण शेतात राबून ज्या आजींच्या बोटांचे ठसे झिजलेत, ज्यांच्या आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला आहे, नावात एका अक्षराचा फरक आहे, त्यांच्यासाठी ते घर आणि ती प्रणाली यांच्यात फार मोठं अंतर आहे. त्यांच्या नवऱ्याने सीमा राखली. त्या ओटीपीपाशी अडतात. प्रणाली बनवणाऱ्यांच्या जमातीतली मी आहे, म्हणून हे अंतर मला जास्त टोचतं.

माझी सूचना साधी आहे. मुख्याध्यापक सरांनी परवानगी दिली, तर दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस शाळेच्या संगणक कक्षात बसू. आसपासच्या गावांतले माजी सैनिक आणि वीरपत्नी यांचे दाखले, दुरुस्त्या, अर्ज आपण करून देऊ. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे काय पाठवायचं, ते तिथेच ठरवू. पाच लॅपटॉप मी आणते. आपल्यातले वकील, बँकेतले, तलाठी कार्यालयातले, सगळे उपयोगाचे आहेत. मागे टेबलावर वही ठेवली आहे. चहाला जाण्याआधी तिच्यात नाव आणि फोन नंबर लिहा.

जय हिंद.