तारा कोसळतो तेव्हा

शाळेत आकाशाचा धडा चालू असला की एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारतो, "गुरुजी, आपला सूर्य एक दिवस फुटणार का हो?" त्याला खुशाल सांगावे, "नाही." आज मी ज्या स्फोटाबद्दल बोलणार आहे त्यासाठी तारा सूर्याच्या निदान आठपट वजनाचा लागतो. जोडताऱ्यांत होणारे स्फोट निराळ्या जातीचे. त्यांत आज शिरत नाही.

मुलांना ही धास्ती लावतात त्या विज्ञानकथा. आर्थर क्लार्क यांच्या १९४६ सालच्या 'रेस्क्यू पार्टी' या कथेत सूर्य काही तासांत फुटणार असतो. २००९ सालच्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात तर एकच तारा फुटून सारी आकाशगंगा धोक्यात येते! आपल्या आकाशगंगेत असे तारे शतकातून एकदोन फुटतातच, आणि ती जागच्या जागी आहे. पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. कथेतला तारा सुरुंगासारखा उडतो. खरा तारा आधी आत कोसळतो.

ते कसे, पाहा. ताऱ्याचे वजन त्याला आत दाबत असते आणि पोटातली उष्णता तो दाब पेलून धरते. हायड्रोजन संपला की हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन असे एकेक इंधन जळत जाते. शेवटी गाभ्यात लोखंड साचते. लोखंड म्हणजे चुलीतली राख. कितीही फुंका, तिच्यातून ऊब निघत नाही. वजन मात्र वाढतच असते. अखेर पृथ्वीएवढा तो गाभा एका सेकंदाच्या आत आक्रसतो आणि काही दहा किलोमीटरांचा होतो. कच्च्या विहिरीचा तळ खचावा तसा वरचा थर त्यावर आदळतो, उसळतो आणि धक्क्याची लाट बाहेर निघते. ही लाट वाटेतच अडते. न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण गाभ्यातून लोटतात, ते तिला पुन्हा रेटतात असे शास्त्रज्ञ मानतात. लाट पृष्ठभागी पोचायला काही तास लागतात. तोवर बाहेरून पाहणाऱ्याला तारा जसाच्या तसा!

याचा पडताळा २३ फेब्रुवारी १९८७ रोजी आला. आपल्यापासून सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर, मोठ्या मॅगेलनी मेघात एक तारा फुटल्याची वार्ता त्या दिवशी पृथ्वीवर पोचली. ती प्रथम दुर्बिणीला कळलीच नाही. जपानात कामिओकाच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे एक किलोमीटरवर, पाण्याची प्रचंड टाकी होती. तिच्यात सुमारे तेरा सेकंदांत ११ न्यूट्रिनो टिपले गेले. अमेरिकेत व सोव्हिएत रशियातही काही सापडले. ज्या छायाचित्रात या स्फोटाचा उजेड पहिल्यांदा उमटला, ते त्यानंतर सुमारे तीन तासांनी घेतलेले होते. दुसऱ्या दिवशी चिलीतील लास काम्पानास वेधशाळेत ऑस्कर दुहाल्दे यांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसला, आणि इयान शेल्टन यांना छायाचित्राच्या काचेवर.

आता हिशेब पाहा. या स्फोटाची शक्ती शंभर रुपये धरली, तर नव्व्याण्णव रुपये न्यूट्रिनो घेऊन जातात. उरलेल्या एका रुपयात ताऱ्याच्या चिंधड्या उडतात. आणि आपले डोळे दिपवणारा उजेड? जेमतेम एखादा पैसा! पडद्यावर दाखवतात तो हा पैसाच. आवाज वरून जोडलेला, कारण पोकळीत आवाज जाणार कसा?

तो उजेडही चित्रपटासारखा क्षणात विझला नाही. १९८७ चा हा तारा वाढत वाढत मे महिन्यात सर्वांत तेजस्वी झाला. मग तो मंद होऊ लागला, तोही शिस्तीने. स्फोटात तयार झालेल्या निकेलचे कोबाल्ट होत होते आणि कोबाल्टचे लोखंड. दर ७७ दिवसांनी उरलेले कोबाल्ट निम्मे होई, आणि उजेड त्याच चालीने उतरे. वहीत रोजची नोंद ठेवून मुलांनाही त्याचा आलेख काढता आला असता. त्या उजेडावरून लोखंडाचा अंदाज बांधला गेला तो असा, की त्याच्या वजनात आपल्यासारख्या वीस हजारांवर पृथ्व्या बसतील. फुटलेल्या ताऱ्याच्या इतर अवशेषांबरोबर ते अजूनही बाहेर पसरत चालले आहे.