घर रिकामं करताना

(पुण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या महिला मंडळासमोर केलेलं भाषण)



तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे आणि दोन महिन्यांत सगळी घरं रिकामी करून द्यायची आहेत. तीस-पस्तीस वर्षांचे संसार एकाच वेळी बाहेर निघणार. म्हणून ‘घर हलवताना पर्यावरणाची काळजी कशी घ्यावी’ यावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. मी बरीच वर्षं कचरावेचक बायकांबरोबर काम करते. त्यामुळे हा विषय मला दुसऱ्या टोकाकडून दिसतो. वस्तू दाराबाहेर गेली की तुमच्या दृष्टीनं ती संपते. आमच्या बायकांचं काम तिथून सुरू होतं.

आधी एक तक्रार. या सभेला एकही पुरुष नाही. पुनर्विकासाच्या बैठकीत, बिल्डर निवडताना, किती चौरस फूट मिळणार यावर वाद घालताना कोण होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आता माळे उपसायचे, डबे रिकामे करायचे, कचऱ्याचं काय करायचं म्हटल्यावर सभा महिला मंडळाची! टेम्पो दोन तासांत भरतो, पण त्याआधीचे दोन महिने बाईच बांधाबांध करत असते. पर्यावरणरक्षण ही बायकांच्या कामात पडलेली आणखी एक भर होणार असेल, तर माझा त्याला विरोध आहे. मी आज जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं काम घरातल्या पुरुषांना वाटून द्या. ही पहिली अट.

आता मुद्द्याकडे येऊ. आपण ‘बाहेर फेकलं’ म्हणतो, पण हे ‘बाहेर’ कुठे असतं? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं आणि गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा आंदोलनं करावी लागली. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी 2016 मध्ये आग लागली आणि धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपलं ‘बाहेर’ म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी घर असतं.

आणि तिथे जाण्याआधी हा माल कुणाच्या तरी हातांतून जातो. पुण्यात ते हात बहुतेक दलित बायकांचे आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी विधवा, टाकलेल्या, घर एकटीनं ओढणाऱ्या. 1993 साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. आम्ही भिकारी नाही, चोर नाही, शहराचं काम करणाऱ्या कामगार आहोत, असं म्हणत त्या रस्त्यावर आल्या. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला. तुमच्या दाराशी रोज येणारी मावशी या इतिहासातून आलेली आहे.

तेव्हा घर रिकामं करताना काय करायचं?

महिनाभर आधी सुरुवात करा. शेवटच्या दोन दिवसांत सगळंच कचरा होतं, कारण निवडायला वेळ नसतो. आधी दुरुस्त करण्यासारखं, मग देण्यासारखं, मग विकण्यासारखं आणि शेवटी टाकण्यासारखं असे चार ढीग करा. देताना एक पथ्य पाळा. जे आपण स्वतः वापरलं नसतं, ते ‘दान’ म्हणून कुणाच्या गळ्यात घालू नका. फुटका मिक्सर मोलकरणीला दिला म्हणजे आपण तो फेकण्याचं कामच तिला दिलेलं असतं.

कपडे धुऊन, घडी करून बोहारणीला द्या. एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर घासाघीस करताना एवढं आठवा, की ते कपडे ती डोक्यावरून वाहून नेते, निवडते, शिवते आणि बाजारात बसून विकते. मऊ सुती साड्या राहू द्या, कुणी गोधडी शिवणारी असेल तर तिला द्या. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते. फोमच्या गादीला मात्र कुणी विचारत नाही. सागवानी कपाट, लोखंडी कॉट, पितळेची भांडी यांना जुन्या बाजारात दुसरं आयुष्य मिळतं. भुसा दाबून केलेल्या पाट्यांचं फर्निचर एकदा सुटलं की पुन्हा उभं राहत नाही. नव्या घरासाठी खरेदी करताना हे लक्षात ठेवा.

बांधाबांधीला नवा प्लॅस्टिकचा बुडबुड्यांचा कागद कशाला? काचसामान चादरींत, टॉवेलांत गुंडाळा. धान्याचे डबे हेच उत्तम खोके. वाण्याकडून रिकामी खोकी आणा आणि सामान लागल्यावर ती पुढे शेजारणीला द्या.

काही वस्तूंची मात्र जोखीम आहे. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, जुन्या तापमापकातही असतो. ते फोडू नका, वेगळे बांधा. इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची, ती विक्रेत्याला परत करा, नवीवर पैसेही कमी होतात. वायरी जाळून तांबं काढलं जातं. तो धूर वस्तीतल्या पोरांच्या छातीत जातो. म्हणून वायर सोलून घेणाऱ्यालाच द्या, जाळणाऱ्याला नको. जुना फ्रिज फोडू देऊ नका, त्यातला वायू हवेत सुटतो. तो आणि टीव्ही, संगणक अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जाऊ द्या. मुदत संपलेली औषधं संडासात ओतू नका. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर ठळक ‘काच’ लिहा. वापरलेले पॅड कागदात बांधून वर लाल ठिपका करा. पिशवीत हात घालणारी बाई तुमच्यासारखीच आहे, तिचा हात कापला की दोन-चार दिवसांची कमाई जाते. आणि अंगणात काहीही जाळू नका. रंगवलेलं लाकूड, सनमायका, रेक्झिन, सगळ्याचाच धूर विषारी असतो.

आता मजुरीचं बोलू. कचरा घ्यायला येणारी मावशी रोजचा कचरा नेते. तुमचा सोफा तिसऱ्या मजल्यावरून उतरवणं हा तिच्या कामाचा भाग नाही. “अगं, ने ना, तुलाच पैसे मिळतील” हे आपण किती सहज म्हणतो! मोडका सोफा कुणी विकत घेत नाही. जड सामानाचे वेगळे पैसे ठरवा आणि आधी ठरवा. हमालांशीही तसंच. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला तो हमालांच्या संघर्षामुळे. ओझं वाहणाराही कामगार आहे आणि त्याला हक्क आहेत, हे त्यानं मान्य केलं. दारातली घासाघीस ते पुसून टाकते.

माझी सूचना अशी. सोसायटीनं पार्किंगमधला एक कोपरा दोन महिने यासाठी द्यावा. आठवड्यातला एक दिवस ठरवावा. त्या दिवशी बोहारीण, भंगारवाला, कचरावेचक बायका यांना बोलवावं, दर फळ्यावर लिहावेत. त्यांना बसायला सावली, प्यायला पाणी आणि संडासाची किल्ली द्यावी. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच नाकारलं जातं.

शेवटी, हा नुसता कचऱ्याचा प्रश्न नाही, असं मला का वाटतं ते सांगते. घर उपसताना ‘अडगळ’ कशाला म्हणायचं, हे कोण ठरवतं? सासूबाईंची ट्रंक न विचारता भंगारात जाते. सुनेनं माहेरून आणलेलं कपाट ‘आता जागा नाही’ म्हणून विकलं जातं. स्त्रीधन बाईचंच, नवरा किंवा सासर ते फक्त सांभाळतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं. म्हणून जिची वस्तू, तिला विचारल्याशिवाय ती दाराबाहेर जाऊ नये.

आणि रद्दी बांधण्याआधी प्रत्येक कागद बघा. लग्नाची पत्रिका आणि फोटो, दागिन्यांच्या पावत्या, तुमच्या नावानं भरलेले हप्ते, शाळेचे दाखले. आमच्याकडे टाकलेल्या बायका येतात तेव्हा लग्न झालं होतं, हे सिद्ध करायलासुद्धा त्यांच्याकडे काही नसतं. असे कागद किलोच्या भावानं गेलेले असतात. ते वेगळ्या पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवा, टेम्पोत चढवू नका.

त्याच पिशवीत नव्या घराच्या कराराची प्रतही असू द्या. त्या करारावर तुमचं नाव आहे का, हे आज घरी गेल्यावर बघा. नसेल तर कुणाशी बोलायचं आणि काय विचारायचं, ते ठरवायला पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. त्या सभेला पुरुषांनाही बोलवा.